पश्चिमेचं ऊन, वळवाचा वारा आणि ओट्यावरचं छत

प्रश्न थोडक्यात: सांगली जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनींनी घराबाहेरच्या छताबद्दल विचारलं आहे. घराचं तोंड पश्चिमेला. तळमजला १९८८ सालचा, ९ इंची विटांच्या भिंतींवर स्लॅब टाकलेला. २०१६ मध्ये वर दोन खोल्या चढवल्या, त्यांच्या भिंती पांढऱ्या हलक्या ब्लॉकच्या. दारावर दीड फुटी छज्जा आणि पुढे १० फूट लांब, ८ फूट रुंद ओटा. ८१ वर्षांचे सासरे रोज चार ते सात या वेळात तिथे भिंतीला खुर्ची लावून बसतात. मार्चपासून ऊन थेट त्यांच्या अंगावर येतं, पावसाळ्यात दारातून पाणी आत येतं. पुण्यातला मुलगा ऑनिंग, म्हणजे भिंतीवरून हँडलने पुढे उघडणारं आणि परत गुंडाळता येणारं कापडी छत, घेऊन द्यायला तयार आहे आणि म्हणतो, घ्यायचं तर पुऱ्या आठ फुटांचं घेऊ. यजमानांना पत्र्याची शेड हवी आहे, एकदाच काय तो खर्च. फॅब्रिकेटर म्हणतो, "वरच्या नव्या भिंतीत चार फास्टनर मारतो, तासाभराचं काम." त्यांचा प्रश्न असा: कापड की पत्रा?

ताई, नमस्कार.

तुमच्या घरातली दोन्ही मतं आपापल्या जागी रास्त आहेत. मुलाला उन्हाची काळजी आहे, यजमानांना पावसाची. ऊन आणि पाऊस या दोन वेगळ्या अडचणी आहेत आणि दोन्हींना मिळून एकच वस्तू शोधायला गेल्यामुळे वाद अडला आहे. कापडी ऑनिंग हे उन्हासाठी असतं. पावसाची एखादी सर ते झेलतं, पण आपल्याकडचा चार महिन्यांचा पाऊस झेलायला ते केलेलंच नसतं. जून ते सप्टेंबर ते गुंडाळूनच ठेवावं लागतं, आणि ओलं गुंडाळलं तर आठवड्याभरात त्यावर बुरशीचे काळे ठिपके येतात, जे पुढे कशानेही जात नाहीत. उलट पत्रा पाऊस झेलतो, पण एप्रिलमध्ये तापून खाली बसणाऱ्याच्या डोक्यावर तवा होतो. म्हणून कापड की पत्रा हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवू आणि सासऱ्यांच्या खुर्चीपासून सुरुवात करू.

मेच्या मध्यावर तुमच्या भागात सूर्य डोक्यावरून जातो आणि दुपारनंतर जवळजवळ सरळ पश्चिमेला उतरतो. चार वाजता तो क्षितिजाच्या वर साधारण ४० अंशांवर असतो, पाच वाजता २६-२७ अंशांवर, सहा वाजता फक्त १३ अंशांच्या आसपास. आता भिंतीवर सव्वानऊ फुटांवर बसवलेलं, साडेसहा फूट पुढे येणारं ऑनिंग डोळ्यांसमोर आणा. उतार धरून त्याची पुढची कड ओट्यापासून साडेसात फुटांवर येते. भिंतीला टेकून बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून सुमारे चार फुटांवर असतं. चार वाजता कडेखालून येणारं ऊन त्या खुर्चीपाशी तीन फुटांपर्यंत चढलेलं असतं, म्हणजे चेहरा सावलीत आणि मांड्या-गुडघे उन्हात. पाच वाजता ते पाच फुटांच्या जवळ पोचतं आणि माणूस पुरता उन्हात येतो. सहाला तर उभ्या माणसाच्याही डोक्यावरून जातं.

म्हणजे ज्या तीन तासांसाठी हा सगळा खटाटोप, त्यातला जेमतेम पहिला अर्धा तास हे छत कामाचं. आठ फुटांचं घेतलं तर ही वेळ आणखी सुमारे अर्ध्या तासाने पुढे जाईल, तेही पुरतं नाही. पश्चिमेच्या भिंतीला आडवं छत कितीही लांब केलं तरी उतरतं ऊन खालून शिरणारच. त्याला उभा आडोसा लागतो.

आडोसा म्हणजे ओट्याच्या बाहेरच्या कडेला वरून खाली सोडलेला पडदा. तो जमिनीपर्यंत आणायची गरज नाही. खालचे सव्वातीन फूट मोकळे ठेवले तरी पाच वाजता खुर्चीवर ऊन येत नाही आणि सहा वाजता फक्त पायांवर, गुडघ्याच्या थोडं वरपर्यंत येतं. वारा खेळता राहतो, रस्ताही दिसतो. बांबूची चिक चालते, वाळ्याचा पडदा चालतो, पण तुमच्या भागात सहज मिळणारी आणि वाऱ्यात सर्वांत कमी त्रास देणारी वस्तू म्हणजे शेडनेट. ५० टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी जाळी पडद्याला पुरे. सावलीत बसून उजेडाकडे बघितलं की तिच्यातून आरपार दिसतं. डोक्यावरच्या छताला मात्र ७५ टक्क्यांच्या वरची घ्या.

आता वारा. माझ्या मते तुमच्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे आणि घरात त्यावर कुणी बोललेलं दिसत नाही.

ऑनिंग पुरं उघडं असण्याची वेळ कोणती? एप्रिल-मेमधली तापलेली दुपार. वळीव येण्याची वेळ कोणती? तीच. चारच्या सुमाराला आभाळ भरून येतं, धूळ उठते आणि पाच मिनिटांत वारा सुटतो. हवामान खात्याच्या इशाऱ्यात त्या दिवसांत ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाचे वारे हे शब्द नेहमी असतात. घडीच्या हातांच्या ऑनिंगसाठी युरोपात ईएन १३५६१ हे मानक आहे. त्यातल्या पहिल्या वर्गाचं ऑनिंग सुमारे २८ किलोमीटर वेगापर्यंत उघडं ठेवता येतं, दुसऱ्या वर्गाचं ३८ पर्यंत, तिसऱ्याचं ४९ पर्यंत. म्हणजे चांगल्यातलं चांगलं ऑनिंगही वळवाच्या आधी मिटलेलंच हवं. खरेदीच्या वेळी माल कोणत्या वर्गाचा आहे ते मुलाला लेखी विचारायला सांगा. उत्तर देता आलं नाही तर तो माल नको.

हा जोर नेमका किती, ते एकदा आकड्यांत बघा. ताशी ५० किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरला साधारण १२ किलोचा दाब देतो. १० फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब कापड म्हणजे सहा चौरस मीटर, एकूण ७२ किलो. हे ऐकायला फार वाटत नाही. पण भरलेली घागर छातीशी धरणं वेगळं आणि हात लांब करून धरणं वेगळं. हा दाब भिंतीपासून सरासरी एक मीटर लांब पडतो आणि त्याला धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटच्या वरच्या आणि खालच्या बोल्टांत अंतर असतं जेमतेम १२ सेंटीमीटर. तरफेच्या हिशोबाने वरच्या बोल्टांवर एकूण ६०० किलोची ओढ येते, दर ब्रॅकेटला ३००. शिवाय ऑनिंगचं स्वतःचं ४० किलोच्या आसपास वजन आहेच. मुलगा म्हणतो तसं आठ फुटांचं घेतलं तर वाऱ्याची ही ओढ दीडपटीहूनही जास्त होते, आणि मिळतो अर्धा तास. म्हणून घेतलंच तर साडेसहा फुटांच्या पुढे जाऊ नका.

ही ओढ फॅब्रिकेटर कुठे देणार आहे? वरच्या नव्या भिंतीत. नवी म्हणून मजबूत, असं त्याने धरलं आहे. पण पांढरे हलके ब्लॉक म्हणजे एएसी, ज्याला बरेच जण सायपोरेक्स म्हणतात. आत बारीक हवेच्या पोकळ्या असतात, म्हणून तर ते हलके असतात. फास्टनर आवळला की तो फुगून बाजूच्या मालावर दाब देतो आणि त्या दाबावरच धरून राहतो. एएसीत तो दाब सोसणारा कडक मालच नाही. आवळताना पक्का वाटतो, मग रोजच्या उघडझापीत भोक हळूहळू सैल होतं आणि एखाद्या दिवशी बोल्ट पांढऱ्या पिठासकट बाहेर येतो. तुमच्या घरात या कामासाठी जुनी विटांची भिंत आणि तिच्यावरच्या स्लॅबची कड हीच भरवशाची जागा आहे.

भिंतीत काय आहे हे ओळखायची सोपी रीत आहे, तुमच्यासारख्या सगळ्यांनाच उपयोगी. ६ एमएमचं एक भोक पाडा आणि बाहेर पडणारा भुगा कागदावर धरा. आधीचा इंचभर राखाडी भुगा गिलाव्याचा, तो सोडून द्या. मग कोरडा, विटकरी लाल भुगा आला तर वीट. राखाडी भुगा चालूच राहिला आणि ड्रिल रडत-रखडत पुढे गेलं तर काँक्रीट. पिठासारखा पांढरा आला आणि भोपळ्यात सुरी शिरावी तसं ड्रिल शिरलं तर एएसी. कोकणात आणि गोव्यात तांबूस, दमट, खडबडीत भुगा आला तर चिरा. मध्येच ड्रिल झटक्याने पुढे गेलं तर तिथे सांधा आहे किंवा पोकळी, ती जागा सोडा.

छज्जाच्या कडेला ब्रॅकेट मारायचा मोह मात्र कुणालाही होऊ देऊ नका, सोपं दिसतं तरी. छज्जा कडेला तीन इंचांचा असतो आणि स्वतःचं वजन नि वर पडणारं पाणी एवढंच पेलायला केलेला असतो. त्याच्या टोकाला ओढ दिली की तो मुळाशी, भिंतीजवळ तडकतो आणि तड वरच्या बाजूला असल्यामुळे खालून दिसत नाही.

जागा ठरवू. ओट्यापासून छत साडेनऊ फुटांवर आहे असं धरून बोलतो, तुमचं माप वेगळं असेल तर त्याप्रमाणे बदला. १९८८च्या अशा घराचा स्लॅब साधारण साडेचार ते पाच इंचांचा असतो. बाहेरून गिलाव्याखाली तो दिसत नाही, म्हणून माप खिडकीतून बाहेर आणा: आत खिडकीच्या चौकटीच्या खालच्या कडेपासून छतापर्यंत टेप लावा, तेवढंच अंतर बाहेर त्याच कडेपासून वर मोजा आणि खूण करा. तिथून वर साडेचार इंच हा स्लॅब. दोन्ही ब्रॅकेटांच्या जागा पाण्याच्या लेव्हल नळीने एका रेषेत आणा. १९८८ची छज्जाची रेष सरळ आहे असं धरून तिच्यावरून मोजू नका, जुन्या घरात ती अर्धा-पाऊण इंच इकडेतिकडे असू शकते. एक बाजू खाली राहिली तर कापड गुंडाळताना दर फेऱ्याला एकीकडे सरकतं आणि वर्षभरात त्याची कड झिजून दशा सुटतात.

स्लॅबच्या साडेचार इंचांत ऑनिंगचा ब्रॅकेट पुरता बसत नाही. म्हणून प्रत्येक ब्रॅकेटमागे ६ इंच रुंद, १८ इंच उंच, ८ एमएम जाडीची लोखंडी प्लेट करून घ्या. प्लेटचं वरचं टोक स्लॅबच्या कडेवर, बाकीची प्लेट खाली विटेवर. फायदा दुहेरी आहे. ओढ घेणारे वरचे बोल्ट काँक्रीटमध्ये जातात. आणि वरच्या-खालच्या आधारांतलं अंतर १२ सेंटीमीटरवरून ४० च्या घरात गेल्यामुळे तीच ३०० किलोची ओढ दर प्लेटला ९० किलोवर येते. एका प्लेटने एवढा फरक पडतो. तिला गरम झिंकचा मुलामा मिळाला तर उत्तम, नाहीतर झिंक प्रायमरचे दोन हात आणि वर रंग. भोकं पाडून झाल्यावर रंगवा, आधी नको.

प्लेटच्या मापाचा गिलावा आधी कापून काढा. गिलाव्यावर प्लेट आवळली तर तो पुढे चुरतो आणि बोल्ट न हलताही सगळं सैल होतं. वर दोन १० एमएमचे थ्रेड रॉड (आटे पाडलेल्या सळया), स्लॅबच्या जाडीच्या बरोबर मध्यावर, केमिकल अँकरने, म्हणजे भोकात घट्ट होणारं रसायन भरून, बसवा. इथे फुगणारा फास्टनर नको: वर-खाली जेमतेम सव्वादोन इंच काँक्रीट आहे, फुगताना कडेचा कपचा उडतो. १० एमएमच्या रॉडला १२ एमएमचं भोक, काँक्रीटच्या पृष्ठभागापासून ९० एमएम खोल. सळई लागली तर जोर करू नका, दोन इंच बाजूला सरका आणि जुनं भोक भरून टाका. खालचे दोन रॉड विटेत, विटेच्या मध्यावर, सांध्यात नव्हे. विटेत भोक पाडताना ड्रिलचा हातोडा बंद ठेवा, नाहीतर वीट आतून फुटते. हे खालचे बोल्टही तितकेच महत्त्वाचे, कारण वारा कापडाखाली शिरून वरही उचलतो आणि तेव्हा ओढ खालच्यांवर येते.

केमिकल अँकरमध्ये काम बिघडतं ते जवळजवळ नेहमी एकाच कारणाने: भोकात धूळ राहते. रसायन मग भिंतीला न चिकटता धुळीला चिकटतं. पंपाने फुंका, तारेचा ब्रश फिरवा, पुन्हा फुंका, आणि हे सगळं दोनदा. नळीतून येणारा पहिला माल टाकून द्या. दोन घटक नीट मिसळून एकच रंग येईपर्यंत तो कामाचा नाही. नळी भोकाच्या तळाशी नेऊन मागे घेत दोनतृतीयांश भरा, रॉड फिरवत आत घाला, थोडा माल बाहेर यायला हवा. आला नाही तर आत पोकळी आहे. त्यानंतर नळीवर छापलेला वेळ पुरा होईपर्यंत रॉडला हात लावायचा नाही. तासाभराचं काम म्हणणारा कारागीर नेमका हा वेळ खातो.

आता कस बघायचा, ऑनिंग चढवण्याआधी. ब्रॅकेटच्याच भोकांची एक पट्टी कापून तिला मीटरभर लांबीचा ५० बाय ५० बाय ५ एमएमचा अँगल वेल्ड करून घ्या. ही पट्टी प्लेटवर ब्रॅकेटच्या जागी आवळा आणि अँगलच्या टोकाला सिमेंटची भरलेली ५० किलोची गोणी टांगा. एका ब्रॅकेटवर ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्याने जेवढा पीळ येतो त्याहून हा थोडा जास्त आहे. खाली कुणी उभं राहू नये. पंधरा मिनिटं तशीच ठेवा. प्लेटच्या वरच्या कडेला पोस्टकार्ड शिरेल एवढी फट पडली किंवा गिलाव्यात केसाएवढीही तड गेली तर तिथे ऑनिंग चढवायचं नाही. फॅब्रिकेटर कुरकुर करेल. त्याला या तासाभराचे पैसे वेगळे द्या, पण हे करून घ्या.

चढवताना तीन माणसं हवीत. ऑनिंगच्या दोन्ही हातांत ताणलेली स्प्रिंग असते आणि कारखान्यातून ते हात पट्ट्याने बांधून येतात. ब्रॅकेटात बसून बोल्ट आवळेपर्यंत तो पट्टा सोडायचा नाही. सुटलेला हात माणसाचा जबडा मोडतो, ही गोष्ट अतिशय गांभीर्याने घ्या. उतार किमान १४ अंश, म्हणजे साडेसहा फुटांना सुमारे २० इंच. त्याहून कमी ठेवला तर अवचित आलेल्या सरीचं पाणी कापडावर साचतं. एक चौरस मीटरवर १० सेंटीमीटर पाणी म्हणजे १०० किलो, आणि ते कापडाला खोलगट करून आणखी पाणी बोलावतं. शेवटी प्लेटच्या वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडा पॉलियुरेथेन सीलंटने बंद करा. खालची कड मोकळी ठेवा, आत शिरलेलं पाणी तिथून निघून जाऊ दे.

कापड रंग मुरवलेल्या धाग्याचं ॲक्रिलिक घ्यावं, चौरस मीटरला ३०० ग्रॅमच्या आसपासचं. पीव्हीसी चढवलेलं जाड कापड पाणी जास्त अडवतं, पण खाली उकडतं. कापडाआधी शिलाईचा धागा उन्हाने जातो, म्हणून दरवर्षी फेब्रुवारीत शिवणी तपासा.

मग प्रश्न उरतो, वळीव आला की मिटणार कोण? तुम्ही आणि यजमान दुपारी घरी असता का? हँडल फिरवून मिटायला मिनिट-दीड मिनिट लागतं, हातात जोर लागतो. सासऱ्यांना ते जमणार नाही, आणि जमवायला ते उठले तर त्याहून वाईट. मोटर लावली तर बटणावर मिटतं, पुढच्या दांडीला वाऱ्याचा सेन्सर लावला तर आपोआपही. पण वारा सुटला की वीज जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून मोटर घेतली तर ती घरच्या इन्व्हर्टरवर जोडा, आणि वीज नसताना हाताने फिरवता येईल अशा जोडणीचीच घ्या. या मोटरी सलग चारेक मिनिटं चालल्या की तापून स्वतः बंद पडतात आणि थंड व्हायला वेळ घेतात, त्यामुळे मुलांना खेळ म्हणून उघडझाप करू देऊ नका.

हे सगळं बघता, तुमच्या घरासाठी माझा कौल भिंतीवरच्या ऑनिंगला नाही. ओटा आहे, पुढे जागा आहे, तर छत भिंतीला लटकवायचंच कशाला? ओट्याच्या बाहेरच्या कडेला दोन इंची जीआय पाइपचे दोन किंवा तीन खांब उभे करा, दीड फूट बाय दीड फूट, दोन फूट खोल खड्ड्यात काँक्रीट भरून. त्यांच्यावर आडवा पाइप, तिथून भिंतीपर्यंत आडवे पाइप, भिंतीकडचा आधार वर सांगितलेल्या स्लॅबच्या कडेवर. भार खांबांतून जमिनीत जातो, भिंतीवर तरफेचा पीळ येत नाही. पाइपांमध्ये तारा ताणून त्यांवर कड्यांनी सरकणारी शेडनेट टाका. फेब्रुवारीअखेर चढवायची, मेअखेर उतरवून कोरडी घडी करून ठेवायची. जाळीतून वारा बराचसा निघून जातो, त्यामुळे वळवात एखादे वेळी मिटायची राहिली तर फार तर कड्या तुटतील. पुढचा उभा पडदाही याच खांबांना येईल. त्याची खालची दोरी ओढताच सुटेल अशा गाठीने बांधा.

यजमानांच्या पावसाचं उत्तरही याच सांगाड्यात आहे. भिंतीलगतचा तीन-चार फुटांचा पट्टा कायमच्या छताने झाका. दारातून पाणी येतं ते थांबेल आणि बाकीचा ओटा उन्हाळ्यात पत्र्याने तापणार नाही. ०.५० एमएमचा रंगीत पत्रा घ्या किंवा पॉलिकार्बोनेट. पत्र्याचा स्क्रू फुगीर वळीवर मारा, पन्हळीत नाही, आणि रबरी वॉशर चपटा होईस्तोवर आवळू नका. पॉलिकार्बोनेटची ऊन अडवणारं कोटिंग असलेली बाजू वर येते, तिच्यावर तसं छापलेलं असतं. ती उलटी बसली तर दोन-चार उन्हाळ्यांत शीट पिवळी पडून तडकते. तीन मीटरची शीट हिवाळ्याच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत सात-आठ एमएमने वाढते, म्हणून भोक स्क्रूपेक्षा मोठं ठेवावं लागतं. भिंतीशी जिथे छत टेकतं तिथे गिलाव्यात इंचभर खाच घेऊन फ्लॅशिंगची, म्हणजे सांधा झाकणाऱ्या वाकवलेल्या पत्र्याची, पट्टी आत घाला. नुसतं सीलंट फासलं तर दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीवरून ओघळ येतोच. पागोळ्या आपल्याच आवारात पडतील असं बघा, आणि पक्कं छत टाकण्याआधी ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत विचारून घ्या.

इतर वाचकांसाठी दोन शब्द. कोकणात, गोव्यात चिऱ्याच्या भिंतीत फास्टनरचा भरवसा धरू नका. आरपार बोल्ट घालून आतल्या बाजूला ६ इंची चौकोनी प्लेट लावा, आणि समुद्राजवळ बोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे घ्या, साधा मुलामा खाऱ्या वाऱ्यात फार टिकत नाही. एएसीच्या भिंतीलाही हाच आरपार बोल्टचा उपाय, नाहीतर बीम शोधा. फ्लॅटची बाहेरची भिंत तुमची एकट्याची नसते, सोसायटीची लेखी संमती आधी घ्या. दक्षिणेच्या खिडकीवर मात्र आडवं ऑनिंग खरोखर कामाचं असतं. ऑक्टोबर ते मार्च सूर्य त्या बाजूला असतो आणि दुपारी वरच्या बाजूने येतो, दोन-अडीच फुटांतही सावली पडते.

ताई, पैसे घालण्याआधी एक करा. चार बांबू आणि शेडनेटचा १० बाय १२ फुटांचा तुकडा आणून महिनाभर तात्पुरतं छत बांधा, पुढे पडद्यासह. आणि सासऱ्यांना विचारा. तुमच्या पत्रात सगळ्यांची मतं आहेत, त्यांचं नाही. कदाचित त्यांना सावलीपेक्षा रस्त्यावरची ये-जा जास्त हवी असेल, कदाचित खुर्ची तीन फूट डावीकडे सरकवली की निम्मं काम होत असेल. पाच वाजता त्यांना त्यांच्या जागी बसवा, पडदा हळूहळू खाली सोडा आणि ते "बास" म्हणतील तिथे बांबूवर खडूने खूण करा. खांबांना पडद्याची कडी त्याच उंचीवर लावायची.